खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय : वाळूच्या थराची निगा

शाळेच्या विज्ञानकक्षात किंवा एखाद्या कार्यालयाच्या दर्शनी दालनात खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय असले, की पाहणाऱ्याचे लक्ष रंगीत माशांकडे जाते. त्या माशांचे आयुष्य मात्र पुष्कळ अंशी तळाशी पसरलेल्या वाळूवर अवलंबून असते. वाळूत घाण साचू दिली तर पाणी बिघडते, आणि अतिउत्साहाने सारी वाळू नळाखाली धुऊन काढली तरीही ते बिघडते. या दुसऱ्या चुकीमुळे तर एक-दोन दिवसांतच मासे दगावू लागतात. म्हणून वाळूत काय घडते हे प्रथम समजून घेणे अगत्याचे आहे.

वाळूतील जीवाणूंचे कार्य

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले खाद्य व विष्ठा कुजूनही अमोनिया तयार होतो. तो माशांना विषारी असतो. वाळूच्या कणांना चिकटून राहणारे जीवाणू प्राणवायूच्या साहाय्याने त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत ही वस्ती स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातील क्लोरीनने ती नष्ट होते.

थराच्या खालच्या भागात प्राणवायू पोहोचत नाही. तेथे घाण साचल्यास हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निर्माण होतो. मांडवी-जुवारीच्या काठी खारफुटीत पाय रुतला, की काळा चिखल वर येतो व कुजलेल्या अंड्यासारखा वास सुटतो. तो याच वायूचा होय. खाडीत खेकडे चिखल उकरतात आणि भरती-ओहोटीचे पाणी घाण वाहून नेते. टाकीत हे काम माणसानेच केले पाहिजे.

थर किती असावा

शाळेच्या टाकीस 2 ते 3 सेंटिमीटर जाडीचा थर पुरेसा होतो. वाळू प्रवाळ किंवा शिंपल्यांच्या चुऱ्याची व 1 ते 2 मिलिमीटर कणांची असावी. याहून बारीक वाळू घट्ट बसते, तर जाड खड्यांच्या फटींत खाद्य अडकते.

साफसफाईची रीत

1. आठवड्यातून एकदा पंप बंद करून रुंद तोंडाची नळी वाळूत हलकेच खुपसावी व पाणी बादलीत सोडावे. वाळू नळीत उसळून पुन्हा खाली बसते आणि हलकी घाण पाण्याबरोबर निघून जाते. वाळू वर चढू लागल्यास नळी चिमटीत दाबावी.

2. एका वेळी तळाचा चौथा भागच स्वच्छ करावा. चार आठवड्यांत सारा तळ साफ होतो व जीवाणूंची वस्तीही टिकते.

3. एकंदर पाण्याच्या दहाव्या भागाहून अधिक पाणी काढू नये. 200 लिटरच्या टाकीतून 20 लिटर पुरे.

4. तेवढेच नवे खारे पाणी भरावे. ते आदल्या दिवशी क्लोरीनरहित पाण्यात मत्स्यालयाचे मीठ विरघळवून तयार करावे. त्याचे विशिष्ट गुरुत्व 1.025च्या आसपास असावे व तापमान टाकीतील पाण्याइतके असावे. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडसर व गढूळ होते, म्हणून ते वापरू नये.

5. बाष्पीभवनाने घटलेली पातळी मात्र गोड्या पाण्यानेच भरून काढावी, कारण मीठ टाकीतच राहिलेले असते.

धोक्याच्या खुणा

नव्या टाकीतील वाळूवर तपकिरी साय येते. ती सूक्ष्म शैवालाची असते व बहुधा आपोआप नाहीशी होते. तांबडा, बुळबुळीत पापुद्रा दिसल्यास खाद्य कमी करून पाण्याचा प्रवाह वाढवावा. वाळूत काळे डाग पडून दुर्गंधी येत असल्यास मासे आत असताना ती ढवळू नये. कोंडलेला वायू एकदम पाण्यात मिसळतो व मासे गुदमरतात. मासे त्याच टाकीच्या पाण्यासह हवापंप लावलेल्या दुसऱ्या भांड्यात हलवून मगच वाळू बदलावी.

प्राण्यांचे साहाय्य

वाळूत पुरून राहणाऱ्या लहान समुद्री गोगलगायी व शंखात राहणारे खेकडे उरलेले खाद्य वेचून खातात. समुद्रकाकडीही वाळू गिळून साफ करते. परंतु समुद्रकाकडी, प्रवाळ व समुद्रघोडा यांना वन्यजीव संरक्षण कायद्याखाली 2001 साली संरक्षण देण्यात आले आहे. हे जीव किनाऱ्यावरून उचलून आणणे गुन्हा ठरतो, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे.

घाण साचण्याचे मूळ कारण बहुधा अतिरिक्त खाद्य हेच असते. दोन-तीन मिनिटांत मासे जेवढे खातील तेवढेच घालावे. खाद्य घालण्याचे काम एका वेळी एकाच विद्यार्थ्याकडे सोपवावे, आणि तळाचा कोणता भाग कोणत्या दिवशी साफ केला याची नोंद टाकीजवळच्या वहीत ठेवावी. दीर्घ सुटी लागण्यापूर्वी ही वही व टाकी दोन्ही एखाद्या जबाबदार व्यक्तीच्या हवाली करावीत.