वाफसा येऊ दे, मग यंत्र फिरव

बाबू, तू राहतोस जठारपेठेत आणि वावर आहे दर्यापूरकडं, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. पुराचं पाणी उतरल्याचा फोन आला की क्षार बघायला भाड्याचं ईएम-३८ यंत्र घेऊन लगेच निघू नको. आधी वाफसा येऊ दे.

ते ईएम-३८ मीठ मोजत नाही. एका टोकाच्या गुंडाळीतून जमिनीत चुंबकीय लहर जाते, मीटरभरावरची दुसरी गुंडाळी परत आलेली लहर टिपते, आणि माती किती वीज वाहते ते कळतं. ओल जास्त, चिकणमाती जास्त, तरी आकडा चढतो. माती एक अंशानं तापली तरी दोनेक टक्के फरक पडतो. म्हणून सगळं वावर एकाच सकाळी उरकायचं. हातातलं कडं, मोबाईल, किल्ल्या धुऱ्यावर ठेव. तारेचं कुंपण अन् बोअरचा लोखंडी पाइप यांच्यापासून लांब चाल.

प्रत्येक जागी दोनदा मोज. उभं धरलं की साधारण दीड मीटरपर्यंतचं कळतं, आडवं धरलं की पाऊण मीटरचं. आडव्याचा आकडा मोठा आला तर क्षार वर चढलेत असं समज. पण ओलही तशीच वरच साचली असेल, म्हणून गिरमिटानं माती काढल्याशिवाय विश्वास ठेवू नको. सगळ्यात कमी, मधल्या आणि सगळ्यात जास्त आकड्याच्या जागी एकेक फुटाचे थर वेगळे काढ.

प्रयोगशाळेनं माती-पाणी एकास अडीच धरून वाहकता काढली असेल, तर तिला क्षारयुक्त जमिनीची चार डेसीसायमन प्रति मीटरची मर्यादा लावू नको. ती मर्यादा संपृक्त अर्काची.

आता खरी गोष्ट ऐक. पावसाच्या गोड्या पाण्यानं क्षार धुऊन आकडा उतरतो आणि माणूस खूश होतो. पण आपल्याकडचं मोठं दुखणं सोडियमचं आहे. क्षार पातळ झाले की सोडियमवाली चिकणमाती विस्कटते, छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही. विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांवर गेला की जमीन चोपण, असं पुस्तक म्हणतं. पूर्णेची काळी माती त्याच्या बरीच आधी बिघडते. हे यंत्राला दिसत नाही. सामू आणि सोडियमची तपासणी मागून घे.

डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९पासून आपल्याच अकोल्यात आहे. पेरणीआधी नमुने तिथं दे, आणि सोडियम हटवायला जिप्सम अहवालात लिहिलंय तेवढंच टाक.