पीएचडी करायचीय? आधी फेलोशिप बघा

राळेगावात एम.एस्सी. झालेल्या मुलाला घरी प्रश्न येतोच : आणखी पाच वर्षं शिकायचं, तर पैसा कुठून आणायचा? कापसावर चालणाऱ्या घरात तो रास्तच आहे. पण विज्ञान-अभियांत्रिकीच्या पीएचडीचा हिशेब वेगळा आहे. जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळाली की पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, काम समाधानकारक ठरलं की पुढे ४२,०००. घरभाडं भत्ता वेगळा. पाच वर्षांचे नुसत्या फेलोशिपचेच २४ लाख होतात. म्हणून माझा आग्रह : आधी फेलोशिप, मग प्रवेश.

ती मिळवायला विज्ञानाच्या मुलांसाठी सीएसआयआर-नेट ही परीक्षा आहे. जून २०२५ च्या परीक्षेचं शुल्क खुल्या गटाला १,१५०, ओबीसी व ईडब्ल्यूएसला ६००, एससी-एसटीला ३२५ रुपये होतं. अभियांत्रिकीवाल्यांनी गेट द्यावी. गेट २०२६ ला वेळेत अर्ज भरणाऱ्यांना २,००० आणि मुली, एससी, एसटी, दिव्यांगांना १,००० रुपये पडले. गेटचे गुण तीन वर्षं चालतात, तेव्हा हा खर्च वाया जात नाही. परीक्षा नागपूरला आली आणि पेपर सकाळचा असला, तर आदल्या रात्रीचा मुक्काम धरून चाला. मुलींना एसटी बसमध्ये अर्धं तिकीट आहे.

पैशापेक्षा कागदावर जास्त मुलं अडतात. कॉलेजच्या प्रवेशाला चाललेला राज्याचा नॉन क्रिमी लेयर दाखला केंद्राच्या परीक्षेला चालत नाही. त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातला, चालू आर्थिक वर्षाचा ओबीसी दाखला लागतो. दोन्ही कागद जवळपास सारखेच दिसतात. वर 'भारत सरकार'च्या नोकरी-प्रवेशाचा उल्लेख आहे का, तेवढं खिडकीवरच वाचून घ्या.

नेट हुकली म्हणजे सगळं संपलं असं नाही. आदिवासी विद्यार्थ्यांना केंद्राच्या राष्ट्रीय फेलोशिपच्या वर्षाला ७५० जागा आहेत. निवड पदव्युत्तर गुणांवर होते, नेट लागत नाही. आपल्या तालुक्यातल्या मुलांनी ही सोडू नये. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणब्यांसाठी सारथी, ओबीसी-भटक्यांसाठी महाज्योती, या राज्याच्या संस्थांच्याही फेलोशिप आहेत. नागपुरात नीरी, व्हीएनआयटी, केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहेत; तिथल्या प्रकल्पांतल्या जागांच्या जाहिराती बघत राहा. मुलाखतीतच विचारा : या पदावर पीएचडीची नोंदणी होते का, आणि प्रकल्प किती वर्षांचा उरलाय?

फेलोशिपचा पहिला हप्ता यायला महिने लागू शकतात. तीन-चार महिन्यांचा मेस-खोलीचा खर्च हाताशी ठेवा. सीट मिळवून देतो, प्रबंध लिहून देतो म्हणत लाखाची गोष्ट करणाऱ्याला मात्र दारातूनच परत पाठवा.

गेटचे अर्ज साधारण ऑगस्टअखेरीस सुटतात. पण त्याआधी जूनमध्ये दाखले देणाऱ्या सेतू केंद्रात प्रवेशाच्या दाखल्यांची झुंबड असते, तेव्हा केंद्राच्या दाखल्याचा अर्ज मे महिन्यातच टाका.