तांब्याच्या मुशीत टिटॅनियम

सोनाराची मूस तुम्ही पाहिली असेल. त्या मातीच्या लहानशा वाटीत सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते आणि मूस शाबूत राहते. वर्ध्याजवळ भूगावला पोलादाचा कारखाना आहे. पोलादाच्या भट्टीतही तत्त्व तेच, आतून उष्णता सोसणाऱ्या विटांचे अस्तर असते.

आता समजा, वर्ध्यातल्या एखाद्या संशोधन प्रयोगशाळेला टिटॅनियमच्या मिश्रधातूंचे दहा-वीस ग्रॅमचे नमुने करायचे आहेत. टिटॅनियम १६६८ अंशांना वितळते. पण खरी अडचण तापमानाची नाही. वितळलेले टिटॅनियम मुशीच्या मातीतला ऑक्सिजन ओढून घेते. ग्राफाइटची मूस घेतली तर कार्बन शोषते. म्हणजे धातू मुशीलाच खातो आणि स्वतः ठिसूळ होतो!

यावरची युक्ती ऐकून हसू येईल. मूस तांब्याची करतात. तांबे तर १०८५ अंशांनाच वितळते, मग ते टिकते कसे? त्याच्या पोटातून थंड पाणी सतत खेळवलेले असते. तांबे उष्णतेचे उत्तम वाहक असल्याने उष्णता झपाट्याने पाण्यात जाते. तांब्याला टेकलेला टिटॅनियमचा पातळ थर घट्टच राहतो आणि उरलेला धातू जणू स्वतःच्याच सालीत वितळतो. वर टंगस्टनचे टोक असते. टोक व धातू यांच्यामध्ये विजेची प्रज्योत पेटवतात. पेटीतली हवा आधी काढून आर्गॉन भरतात. तरीही उरलेला ऑक्सिजन शोषण्यासाठी टिटॅनियमची एक वेगळी गोळी अगोदर वितळवतात. नमुना मात्र उलटून चार-पाचदा वितळवावा लागतो, कारण तळाचा भाग एका खेपेस नीट मिसळत नाही.

तेव्हा असे यंत्र घेताना किमतीआधी पाण्याचे बघावे. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांवर जातो. गच्चीवरच्या टाकीतले पाणी हाताला चटके देते. म्हणून पाणी गार करणारे यंत्र वेगळे हवे. विहिरीचे जड पाणी तर नकोच. क्षारांचा थर बसला की उष्णता अडते.

वीज गेली तर प्रज्योतही विझते, त्यात धोका कमी. पण प्रज्योत चालू असताना नुसता पंप बंद पडला तर? तांब्याला भोक पडून पाणी तप्त धातूवर येते, वाफ व हायड्रोजन तयार होऊन स्फोट होऊ शकतो. पाणी थांबताच वीज तोडणारी कळ नसलेले यंत्र, माझ्या मते, फुकटही घेऊ नये.

मोठ्या माणसांना जवळ बसवून एक प्रयोग करा. जाड कागदाच्या द्रोणात पाणी भरून तो मेणबत्तीवर धरा. पाणी तापत जाते, कागद जळत नाही. ज्योत पाण्याच्या पातळीवरच्या कोरड्या कागदाला मात्र लागू देऊ नका. तो लगेच पेटेल.