सातारच्या गादीचा इतिहास वाचताना

कडेगाव



सातारच्या छत्रपतींचा विषय अभ्यासास घेणाऱ्याने १८५७ च्या उठावापासून नव्हे, तर २५ सप्टेंबर १८१९ च्या तहापासून आरंभ करावा; कारण खानापूर-कडेगावचा मुलूख ज्या राज्यात होता, त्याच्या हाती सत्ता नेमकी किती उरली होती, हे त्या कलमांवरूनच कळते. छत्रपती प्रतापसिंहांना राज्य मिळाले, परंतु रेसिडेंट, म्हणजे दरबारी नेमलेला कंपनी सरकारचा प्रतिनिधी, याच्या मध्यस्थीशिवाय बाहेरच्या कोणाशीही पत्रव्यवहार करण्यास त्यांना मनाई होती. ही अट किरकोळ समजू नये. पुढे देशी पलटणी फितवल्याच्या आरोपाबरोबरच गोव्याचे पोर्तुगीज आणि नागपूरचे पदच्युत आप्पासाहेब भोसले यांच्याशी संधान बांधल्याचा ठपका त्यांच्यावर आला, तो याच अटीच्या आधारे.

याच राजाने साताऱ्यात शाळा काढली, ग्रंथ जमवले आणि वर्षानुवर्षे रोजनिशी ठेवली. हा व्यासंग म्हणजे सत्ता गेलेल्याचा विरंगुळा, असे पुष्कळ जण लिहितात; ते पटण्यासारखे नाही. तहाचे कलम पुढे करून औंध, फलटण, जत अशा जहागिरींवरचा हक्क मागणारा राज्यकर्ता त्याच व्यासंगातून घडला होता. अपराध कबूल केल्यास गादी राहील, असे मुंबईचे गव्हर्नर कारनॅक यांनी सुचवले, तेव्हा प्रतापसिंहांनी सही दिली नाही, आणि १८३९ मध्ये पदच्युत होऊन काशीची वाट धरली. १८४७ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला.

त्यांचे वकील, म्हणजे राजाची बाजू मांडणारे मुखत्यार, रंगो बापूजी गुप्ते यांनी सुमारे १४ वर्षे लंडनमध्ये राहून कंपनीच्या संचालकांपुढे अर्ज, सभा आणि छापील पत्रके यांच्या जोरावर हा दावा लावून धरला. दरम्यान १८४८ मध्ये गव्हर्नर-जनरल डलहौसीने प्रतापसिंहांच्या जागी गादीवर बसवलेल्या राजाच्या दत्तकपुत्राचा वारसा नाकारून राज्यच खालसा केले. १८५७ च्या उठावात रंगो बापूजींच्या मुलास देहदंड झाला. ते स्वतः मात्र इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. लंडनमधील अर्जांची ती वर्षे पाठ्यपुस्तकांत एका वाक्यात उरकली जातात, याची खंत वाटावी आणि अभ्यासकाने तेथेच ठाण मांडावे.

त्यासाठी मोडी लिपी शिकण्यात चालढकल करू नये. ग्रँट डफचा मराठ्यांच्या इतिहासावरील १८२६ चा ग्रंथ टाळू नये, परंतु तो लिहिणारा स्वतः साताऱ्याचा रेसिडेंट होता आणि १८२२ पर्यंत या राज्याचा कारभार त्याच्याच हाती होता, हे पानोपानी ध्यानात ठेवावे. आणि प्रत्येक कागद कोणी, कोणास, कोणत्या अधिकाराने लिहिला, हे समासात टिपल्यावाचून पुढचा कागद उघडू नये.