देवापुढे उसने शब्द नकोत



धार्मिक काव्यस्पर्धा जाहीर झाली की आपल्या घरांत एकच धावपळ उडते. आठवी ते बारावीची मुले. शाळा, क्लास आणि परीक्षा यांतून त्यांना सवड कुठली? मग कोणी आईला गळ घालते, कोणी जुन्या अंकातल्या चार ओळी उचलते. आता तर मोबाइलला विषय सांगितला की यमकासकट कविता हजर होते. परीक्षक म्हणून बसताना अशा कविता आम्ही वाचल्या आहेत. त्यांत चूक काढायला जागा नसते. पण ज्या मुलाचे नाव खाली असते, ते मूल मात्र कवितेत कुठेच सापडत नाही.

यात एवढे काय बिघडले, असे कोणी विचारील. ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ ही प्रार्थना तरी आपण कुठे रचली? खरे आहे. ते शब्द प्रभू येशूने आपल्याला दिले आणि ख्रिस्तसभा एकमुखाने ते म्हणते. ते उसने नव्हेत, तो आपला वारसा आहे. परंतु कविता लिहायला सांगतो तेव्हा आपण मुलाला विचारत असतो, “बाळा, तुला स्वतःला देवाशी काय बोलायचे आहे?” त्याचे उत्तर दुसऱ्याने देऊन कसे चालेल?

या बाबतीत आपली पहिली शाळा म्हणजे स्तोत्रसंहिता. तिच्यात 150 स्तोत्रे आहेत आणि त्यांतले एखादे आपण दर रविवारी मिस्सात प्रतिसादासह म्हणतो. ती सगळीच स्तुतीची नाहीत. कितीतरी स्तोत्रांत रडणे आहे, राग आहे, ‘देवा, तू गप्प का?’ असा जाब आहे. 88वे स्तोत्र तर अंधारातच संपते. तरीही ख्रिस्तसभेने ते गाळले नाही. प्रभू येशूने क्रुसावर जी आर्त हाक मारली, ती 22व्या स्तोत्राच्या आरंभीची आहे. म्हणजे देवाकडे केलेली खरी तक्रार हीसुद्धा प्रार्थनाच. आपली मुले मात्र ‘देव दयाळू, देव महान’ एवढेच लिहितात, कारण बक्षीस त्यालाच मिळते असे त्यांना वाटते.

दुसरी शाळा आपल्या मराठीतच आहे. 1549 साली इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्याला आले. त्यांनी इथली भाषा शिकून घेतली आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते 1616 साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. नवख्रिस्ती लोकांना पुराण ऐकायची सवय होती. त्यांना आपल्या भाषेतले, आपल्या चालीचे काहीतरी हवे होते. फादरांनी परदेशी वृत्त आणून त्यांच्या माथी मारले नाही. ज्ञानेश्वरीने घरोघर पोचवलेली ओवीच त्यांनी हाती घेतली.

आपल्या पावसलाही याचा शेजार आहे. स्वामी स्वरूपानंद (1903–1974) यांनी इथे राहून ज्ञानेश्वरीतील ओव्यांचा आशय अभंगांत आणला. त्यांची श्रद्धा वेगळी, हे आपण जाणतो. पण ओवी काय नि अभंग काय, ही मराठी बोलणाऱ्या सर्वांची ठेव आहे. आपल्याच जिल्ह्यात करजगावी 1861 साली जन्मलेले रेव्हरंड ना. वा. टिळक कॅथलिक नव्हते, तरी अशाच देशी वळणातून त्यांनी ख्रिस्ताला आळवले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनी पुरे केले.

मुलांनो, रीत सोपी आहे. ओवीचे चार चरण. पहिल्या तिघांना यमक, चौथा आखूड. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. दुसऱ्या-तिसऱ्याचे यमक जुळते. या धड्यापुरती आम्हीच एक ओवी जुळवली आहे :

पहाटे पाऊस कोसळला,
आंब्याचा मोहोर गळला,
बाबांचा आवाज मावळला,
देवा, तू बोल.

तिच्यात मोठा शब्द एकही नाही. पण अवकाळी पावसाने ज्या घरचा हंगाम गेला, त्या घरातल्या मुलाची ही प्रार्थना ठरू शकते. तुमच्या घरात काय घडले, ते तुम्हीच जाणता. तिथून सुरुवात करा. यमक चुकले तर सुधारता येईल.

पालकांना एक विनंती. शुद्धलेखन जरूर तपासा, शब्द अडला तर सुचवा. पण ओळ लिहून देऊ नका. परीक्षकांनीही, म्हणजे आम्हीही, गुळगुळीत कवितेपेक्षा अडखळणाऱ्या खऱ्या कवितेला आधी मान द्यायला शिकले पाहिजे. उसन्या ओळींना आपण टाळ्या वाजवल्या, तर देवालाही असेच चालते असा धडा मूल घेऊन जाईल. पुढे संकटात सापडल्यावर, पाठ केलेली प्रार्थना ओठांवर येईनाशी झाली, तर त्याने काय बोलावे?

घरी बसून विचार करू या :

1. या आठवड्यात देवाला सांगावीशी वाटली, पण सांगितली नाही, अशी कोणती गोष्ट माझ्या मनात आहे?
2. रोजच्या प्रार्थनेनंतर आमच्या घरात कोणी स्वतःच्या शब्दांत एक वाक्य तरी बोलते का?
3. मूल देवावर रागावले, तर आम्ही त्याला गप्प करतो की त्याचे ऐकून घेतो?

नासरेथच्या एका कोवळ्या मुलीने, पवित्र मरीयेने, पूर्वजांच्या स्तोत्रांवर पोसलेल्या मनाने आपले स्वतःचे गीत गाइले. ते लूकच्या शुभवर्तमानात आहे आणि ख्रिस्तसभा आजही रोज सायंप्रार्थनेत ते म्हणते. ती आपल्या मुलांना खरे बोलण्याचे धैर्य मिळवून देवो. आमेन.