समोसा गार झाल्यावर मऊ का पडतो?

प्रश्न : घरचे समोसे तळल्यावर कुरकुरीत असतात, पण थोड्याच वेळात मऊ पडतात. काय चुकतं?

उत्तर : बहुधा आच. कडकडीत तेलात पारी झटकन लाल होते, पण तिच्यातलं पाणी पुरतं उडून जात नाही आणि मग तेच तिला मऊ करतं. म्हणून साधारण १४० ते १५० अंश सेल्सिअसच्या तेलात, मंद आचेवर, १५-२० मिनिटं तळा. अशा तेलात समोसा तेलकट होईल ही शंका रास्त आहे. पण जास्त तेल पितं ते सैल भिजवलेलं पीठ. पाव किलो मैद्याला ६० ग्रॅम तुपाचं मोहन मूठ वळेपर्यंत चोळा आणि बेतानं पाणी घालून घट्ट भिजवा. सारण मात्र पूर्ण गार हवं. गरम बटाट्याची वाफ पारीला आतून ओलावते.