नाव कोठून मिळाले?

प्रस्तावना

माणसांनी आपली माहिती दिल्याशिवाय माणसांविषयीचे संशोधन होत नाही. एखादा रोग कोणाला होतो, मुले भाषा कशी शिकतात, खेड्यातील चालीरीती कशा बदलतात, हे जाणून घेण्यासाठी अभ्यासकाला लोकांच्या दारी जावेच लागते. परंतु न बोलावता आलेल्या अभ्यासकाला काय सांगावे, किती सांगावे आणि सांगावे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? प्रस्तुत वैचारिक लेखात म्हैसूर शहरातील उदाहरणांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्ही
• संशोधनासाठी माहिती देणे आणि खासगीपणा जपणे यांतील संबंध स्पष्ट करू शकाल;
• 'संमती' या संकल्पनेचा अर्थ सांगू शकाल;
• एखाद्या अभ्यासाचे निमंत्रण आल्यास कोणते प्रश्न विचारावेत, हे ठरवू शकाल.

मूळ पाठ

(१)

समजा, म्हैसूरमधील एका निवृत्त गृहस्थांच्या भ्रमणध्वनीवर एके सकाळी संदेश येतो : 'मधुमेहविषयक अभ्यासात सहभागी होण्यासाठी आपली निवड झाली आहे. सोबतची प्रश्नावली कृपया भरून द्यावी.' खाली एका संस्थेचे नाव असते. भाषा नम्र असते, हेतूही चांगला दिसतो. तरीही गृहस्थ अस्वस्थ होतात. आपल्याला मधुमेह आहे, ही गोष्ट घरची माणसे आणि डॉक्टर यांच्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, अशी त्यांची समजूत असते. शेजाऱ्यांनाही त्यांनी ती कधी सांगितलेली नसते. मग या अनोळखी संस्थेला ती कशी कळली?

अशा वेळी लोक सामान्यतः एकच शंका घेतात : हा संदेश खरा की फसवणुकीचा? ही शंका योग्यच आहे. परंतु संदेश अगदी खरा असला, तरी दुसरा प्रश्न उरतोच. गृहस्थांनी आपला आजार डॉक्टरांना सांगितला तो उपचारासाठी. एका कारणासाठी दिलेली माहिती दुसऱ्या कारणासाठी वापरली गेली आणि देणाऱ्याला त्याचा पत्ताही लागला नाही, ही या अस्वस्थतेची खरी जागा होय. प्रश्नावलीवर सही होण्यापूर्वीच एक दार त्यांना न विचारता उघडले गेलेले असते.

(२)

ज्या म्हैसूर शहरात हे गृहस्थ राहतात, त्या शहराला संशोधन नवे नाही. म्हैसूर विद्यापीठाची स्थापना १९१६ मध्ये झाली. भारतीय भाषांचा अभ्यास करणारी केंद्रीय संस्था १९६९ मध्ये येथेच सुरू झाली. वैद्यकीय संशोधनाच्या जगात मात्र हे शहर ओळखले जाते ते एका मिशन रुग्णालयातील जुन्या नोंदींमुळे.

होल्ड्सवर्थ स्मारक रुग्णालय हे त्या रुग्णालयाचे नाव. तेथे जन्मलेल्या बाळांचे वजन, लांबी आणि डोक्याचा घेर यांच्या १९३४ पासूनच्या नोंदी जपून ठेवल्या गेल्या होत्या. जन्माच्या वेळचे वजन आणि प्रौढपणीचा हृदयविकार यांचा काही संबंध असतो का, हा प्रश्न ब्रिटनमधील साउदम्प्टन येथील डेव्हिड बार्कर आणि त्यांचे सहकारी अभ्यासत होते. त्यांना आणि म्हैसूरच्या संशोधकांना या नोंदी म्हणजे ठेवाच वाटला. १९९० च्या दशकात रुग्णालयाच्या आसपासच्या वस्तीत घरोघर पाहणी करण्यात आली. या रुग्णालयात जन्मलेल्या व्यक्ती शोधून त्यांचा जुन्या नोंदींशी मेळ घालण्यात आला. त्यांपैकी ५१७ स्त्री-पुरुषांच्या तपासणीचे निष्कर्ष १९९६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. जन्माच्या वेळी ज्यांचे वजन अडीच किलो किंवा त्याहून कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण ११ टक्के, तर ३.१ किलो किंवा त्याहून अधिक वजनाच्या व्यक्तींत ते ३ टक्के आढळले. गर्भवती स्त्रीच्या पोषणाचा तिच्या अपत्याच्या उतारवयातील आरोग्याशी असलेला संबंध तपासण्यास या अभ्यासाने बळ दिले.

या नोंदी होत असताना हा हेतू कोणाच्याही मनात नव्हता. प्रसूतीसाठी आलेल्या मातेने आपले नाव सांगितले ते उपचारासाठी. साठ वर्षांनी आपल्या मुलाला कोणी शोधत येईल, हे तिला कळणे शक्य नव्हते. आणि बाळाची संमती घेण्याचा तर प्रश्नच नव्हता. म्हणजे जुनी माहिती नव्या कामासाठी वापरल्यानेच हे मोलाचे ज्ञान हाती आले. तेव्हा 'एका कारणासाठी दिलेली माहिती दुसऱ्या कारणासाठी कधीच वापरू नये' असे सरसकट म्हणता येत नाही.

(३)

मग येथे आणि त्या गृहस्थांना आलेल्या संदेशात फरक कोणता? फरक क्रमाचा आहे. घरोघर पाहणी करणारा कार्यकर्ता वस्तीतील प्रत्येक दारी जातो. हे दार त्याने कोणाच्या आजाराची वही पाहून निवडलेले नसते. 'आपला जन्म त्या रुग्णालयात झाला का?' या प्रश्नाचे उत्तर घरातील माणूस स्वतःच्या तोंडाने देतो. नको वाटल्यास दार लावून घेतो. म्हणजे माणूस आधी आणि वही नंतर. भ्रमणध्वनीवरील संदेशात मात्र वही आधी उघडली गेलेली असते आणि माणसाला शेवटी विचारले जाते.

यावर कोणी म्हणेल, ज्यांना यावेसे वाटेल त्यांनी आपण होऊन यावे, बोलावूच नये, म्हणजे प्रश्नच मिटला. परंतु तसे केल्यास जे उत्साही, सुशिक्षित आणि सवड असलेले, तेच पुढे येतात. ज्यांना रोजगार बुडवून येणे परवडत नाही, ते अभ्यासाबाहेर राहतात आणि निष्कर्ष एकांगी होतात. म्हणून अनाहूत निमंत्रण संशोधनाला टाळता येत नाही. ते कसे द्यावे, हाच खरा प्रश्न आहे.

(४)

या प्रश्नाचे उत्तर जगाने मोठी किंमत देऊन शोधले. दुसऱ्या महायुद्धात नाझी डॉक्टरांनी बंदिवानांवर केलेल्या क्रूर प्रयोगांनंतर, १९४७ मध्ये न्यूरेंबर्ग संहितेने माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती अत्यावश्यक ठरविली. १९६४ मध्ये हेलसिंकी येथे जागतिक वैद्यकीय संघटनेने संशोधनाची नैतिक तत्त्वे जाहीर केली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८० मध्ये याविषयी धोरण मांडले आणि २०१७ मध्ये सुधारित राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार माणसांवरील अभ्यासाला नैतिकता समितीची मान्यता लागते. अभ्यासाची माहिती सहभागी व्यक्तीला समजेल अशा भाषेत द्यावी लागते. कोणत्याही टप्प्यावर अभ्यासातून बाहेर पडण्याची तिला मुभा असते आणि त्यामुळे तिच्या उपचारांत खंड पडता कामा नये.

खासगीपणाच्या हक्काचा एक धागाही म्हैसूरशी जुळतो. येथील महाराजा महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी आणि कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये आधार योजनेच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. त्या प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. पुढे २०२३ मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने संमत केला. संमती मागताना द्यावयाची सूचना इंग्रजीत अथवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याची सोय असावी, आणि दिलेली संमती मागे घेणे ती देण्याइतकेच सोपे असावे, असे हा कायदा म्हणतो. मात्र संशोधनाला त्यात अटींसह सूट आहे. माहितीचा वापर त्या विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेण्यासाठी होणार नसेल आणि ठरविलेले निकष पाळले जात असतील, तर ही सूट मिळते. याचा अर्थ असा की, जेथे कायदा मोकळीक देतो तेथे अभ्यासकाच्या सचोटीवर अधिक भार पडतो.

(५)

नियम कागदावर असतात. माणूस मात्र भिडेने वागतो. 'भीड ही भिकेची बहीण' अशी म्हण आपल्याकडे आहे. ज्या डॉक्टरांकडे उपचार चालू आहेत त्यांनीच निमंत्रण दिले, तर 'नाही म्हटले तर उपचारात हयगय होईल' अशी भीती रुग्णाला वाटते. शिक्षकाने विद्यार्थ्याला किंवा अधिकाऱ्याने हाताखालच्या माणसाला विचारले, तरी तेच घडते. अशा वेळी ओठांवर होकार असतो, मनात नसतो. ज्याला नकार देता येत नाही, त्याच्या होकाराला संमती म्हणता येत नाही.

होकार दिल्यानंतरही प्रश्न संपत नाही. मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली शिकलेले समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास हे मूळचे म्हैसूरचे. १९४८ मध्ये त्यांनी म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहून अभ्यास केला आणि १९७६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. पुस्तकात त्यांनी गावाला 'रामपुरा' हे कल्पित नाव दिले. अशा पडद्यामुळे परक्यांपासून संरक्षण मिळते. गावातल्या माणसांना मात्र कोण कोण आहे, हे ओळखता येऊ शकते. आज तर नाव काढून टाकले तरी जन्मतारीख, वस्ती आणि आजार एवढ्या तीन गोष्टी जुळवून माणूस ओळखता येण्याचा संभव असतो. म्हणून नाव गाळणे ही गुप्ततेची सुरुवात होय, शेवट नव्हे.

(६)

तेव्हा चांगले निमंत्रण ओळखावे कसे? ते प्रथम सांगते की, आपले नाव आम्हाला कोठून आणि कोणाच्या परवानगीने मिळाले. शक्य असेल तेथे पहिले पत्र ज्याच्याकडे माहिती आधीपासून आहे, त्या डॉक्टरांकडून किंवा संस्थेकडूनच येते आणि रुग्णाने होकार दिल्यावरच त्याचे नाव संशोधकाकडे जाते. त्यात नैतिकता समितीचा पत्ता असतो, माहिती किती काळ व कोठे राहील हे असते, आणि 'सहभाग नको असल्यास काहीही कारण द्यावे लागणार नाही' हे वाक्य ठळकपणे असते.

त्या निवृत्त गृहस्थांना असे पत्र आले असते, तर कदाचित ते आनंदाने सहभागी झाले असते. आपल्या आजारातून दुसऱ्या कोणाचे भले व्हावे, असे कोणाला वाटत नाही? पण दान हे मागून घ्यायचे असते. न विचारता उचलून नेलेल्या वस्तूला दान म्हणत नाहीत. मग ती वस्तू माहिती का असेना.

शब्दार्थ

अनाहूत – न बोलावता आलेले; संहिता – नियमांचा संग्रह; एकांगी – एकाच बाजूचा; एकमुखी – सर्वांचे एकमत असलेला; सचोटी – प्रामाणिकपणा; हयगय – दुर्लक्ष.

तुम्ही काय शिकलात?

• संशोधनासाठी अनाहूत निमंत्रण आवश्यक असते. परंतु माहिती कोठून मिळाली हे सांगणे अभ्यासकाचे पहिले कर्तव्य आहे.
• नकार देणे सोपे असेल, तरच होकाराला संमती म्हणता येते.
• नाव गाळल्याने गुप्तता पूर्ण होत नाही.

स्वाध्याय

१. म्हैसूरमधील घरोघर पाहणी आणि भ्रमणध्वनीवरील संदेश यांतील 'क्रमाचा फरक' स्पष्ट करा.
२. 'ज्याला नकार देता येत नाही, त्याच्या होकाराला संमती म्हणता येत नाही.' या विधानाचे एक उदाहरण स्वतःच्या अनुभवातून द्या.
३. केवळ स्वेच्छेने पुढे येणाऱ्यांचा अभ्यास केल्यास निष्कर्ष एकांगी का होतात?
४. तुमच्या परिसरातील पाणीटंचाईविषयी तुम्हाला पाहणी करावयाची आहे. पाठाचा आधार घेऊन कुटुंबांना पाठवावयाच्या निमंत्रणपत्राचा नमुना तयार करा.